तुळाजी आंग्रे : सरखेलपद आणि बंदिवास

समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशात आरमाराच्या इतिहासाची चर्चा कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्यांचे १९२६ साली धुळ्यास देहावसान झाले, त्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी शब्द हेही इतिहासाचे साधन मानले. त्या दृष्टीने तुळाजी आंग्रे यांच्या चरित्राकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

'आरमार' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 'गुराब' म्हणजे अरबीत कावळा. आणि 'सरखेल' हे पद मूळचे घोडदळाच्या टोळीच्या नायकाचे. कोकणात ते आरमाराच्या अधिपतीचे झाले. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांना हे पद बंधू संभाजी यांच्या निधनानंतर शाहू छत्रपतींकडून मिळाले. कुलाबा मानाजींकडे राहिला. विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग तुळाजींकडे आले. १७४५ साली त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल घेतले. १७४९ साली इंग्रजांचे 'रेस्टोरेशन' जहाज पकडले. आंग्र्यांचे दस्तक न घेता फिरणारे जहाज पकडणे हा ते आपला अधिकार समजत. इंग्रज त्यालाच चाचेगिरी म्हणत.

शाहूंच्या निधनानंतर तुळाजी पेशव्यांस जुमानीनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हा त्याच 'रेस्टोरेशन'ला लागलेली आग पसरून सारे आरमार भस्मसात झाले. बोलणी करण्यास पेशव्यांच्या छावणीत गेलेले तुळाजी तेथेच कैद झाले. पुढील तीस वर्षे निरनिराळ्या किल्ल्यांवर बंदिवासात काढून १७८६ साली ते वंदन किल्ल्यावर मृत्यू पावले.

यामुळे मराठ्यांचे आरमार समूळ बुडाले, हे विधान मात्र अतिव्याप्त आहे. विजयदुर्ग त्याच वर्षी पेशव्यांकडे आला, आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' पकडले. नष्ट झाली ती आंग्र्यांची स्वतंत्र शक्ती; आणि ती परक्यांच्या साहाय्याने नष्ट केली गेली, हा खरा दोष होय. तुळाजींचा उद्दामपणा त्या दोषाचे कारण सांगतो, समर्थन करीत नाही.

इंग्रजांच्या लेखी ते चाचे, पेशव्यांच्या लेखी बंडखोर चाकर. दोन्ही शब्द विजेत्यांचे आहेत. छत्रपतींनी दिलेले पद धारण करणारा आणि युद्धात पकडला गेलेला अधिकारी युद्धकैदीच होय. युद्ध संपल्यावर युद्धकैद्याची मुक्तता अपेक्षित असते, बंडखोराची नसते. तीस वर्षांच्या त्या कैदेचे मूळ या शब्दभेदात आहे. म्हणून इतिहासलेखकाने तरी शब्द पारखून घ्यावेत.