स्नेहद्रव्यांचे कूळ

नागपूरच्या अमरावती मार्गावरील लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रान्वये विद्यापीठाच्या स्वाधीन केलेल्या मिळकतीतून 1942 साली निघाली. आणि ज्या मुलखात सरकी व जवस पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले तेथे तैलतंत्रशास्त्राला रासायनिक अभियांत्रिकीच्या शेजारी स्थान मिळावे, हे सर्वथा उचितच होते. घाण्यातून वा गिरणीतून निघालेल्या तेलाचे पृथक्करण, शुद्धीकरण आणि विनियोग हा त्या शास्त्राचा प्रांत. परंतु ते तेल मुळात घडते कोठे, याचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला, आणि तो होता होता तेलाचे व शरीरातील कित्येक संप्रेरकांचे कूळ एकच निघाले, ही घटना मला रसायनशास्त्राच्या इतिहासात अत्यंत उदात्त वाटते.

या कुळाचा पहिला दप्तरदार म्हणजे फ्रेंच रसायनज्ञ शेव्ह्रल. साबणाचे पृथक्करण करता करता चरबी ही मेदाम्ले व ग्लिसरीन यांची बनलेली असते हे त्याने सिद्ध केले, आणि पित्ताश्मांतील मेणासारख्या द्रव्याला, म्हणजे आजच्या कोलेस्टेरॉलला, नावही त्यानेच दिले. 1786 मध्ये जन्मून 1889 पर्यंत जगलेल्या या दीर्घायुषी पुरुषाला, आपण हाताळलेली ही दोन द्रव्ये एकमेकांची सगोत्र आहेत, हे मात्र कळले नाही. ते सिद्ध केले कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांनी. ॲसिटेटच्या अणूंवर खूण करून ब्लॉखने त्यांचा माग काढला, तेव्हा कोलेस्टेरॉलमधील सत्तावीसही कार्बन अणू त्याच दोन कार्बनी तुकड्यांतून आल्याचे निष्पन्न झाले. जवसातील लिनोलेनिक आम्लात 18 आणि पामिटिक आम्लात 16 कार्बन असावेत, अशी ही समसंख्या बहुतेक मेदाम्लांत आढळावी, याचे कारणही तेच. 1964 चे नोबेल पारितोषिक या कार्यास लाभले.

वंशावळ हाती आली, तरी वतनाचे गाव ठरायचेच होते. 1945 साली न्यूयॉर्कमध्ये पोर्टर, क्लोड आणि फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या अंतर्भागात एक नाजूक जाळी पाहिली. तीच पुढे आंतर्द्रव्यजालिका म्हणून प्रसिद्धीस आली. जवसाच्या बीत मेदाम्लाची शृंखला प्रथम लवकांत विणली जाते. मग जालिकेवर तिच्यात आणखी द्विबंध घातले जातात, आणि तेथेच ती ग्लिसरीनशी जोडली जाऊन तेलाचे सूक्ष्म थेंब अलग होतात. जवसाचे तेल हवेत वाळून रंगाचा पातळ थर घट्ट करते, तेही या द्विबंधांमुळेच.

कोलेस्टेरॉलपासून घडणाऱ्या स्टेरॉइड संप्रेरकांची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. 1961 मध्ये क्रिस्टेन्सन आणि फॉसेट यांनी वृषणातील अंतःस्रावी पेशींत याच जालिकेच्या नितळ प्रकाराचा विलक्षण विस्तार दाखविला. तथापि तिचे एकटीचे येथे चालत नाही. अधिवृक्क ग्रंथीत कोलेस्टेरॉल प्रथम तंतुकणिकेत शिरते, तेथे त्याच्या शेपटीचे सहा कार्बन छाटून एकवीस कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते. ते जालिकेकडे येते, तेथे त्यावर अनेक विकरांचे संस्कार होतात, आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकापूर्वीचे द्रव्य अखेरच्या संस्कारासाठी पुन्हा तंतुकणिकेत परतते, जणू एखादा दस्तऐवज मामलेदार कचेरीतून जिल्हा कचेरीत जाऊन शेवटच्या शिक्क्यासाठी पहिल्याच कचेरीत यावा. या सर्व व्यवहाराचा वेग ठरतो तो कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या अंतःपटलापर्यंत किती त्वरेने पोहोचते यावर. आणि ते पोहोचविणाऱ्या प्रथिनाचा शोध 1994 साली लागला.

वनस्पतींना हा वारसा नाही, अशी कल्पना कोणी करू नये. 1979 मध्ये मोहरीच्याच वंशातील एका तेलबियांच्या पिकाच्या पुष्कळ परागांतून, अवघे काही मिलिग्रॅम, ब्रासिनोलाइड हे स्टेरॉइड संप्रेरक हाती आले. या वर्गाची संप्रेरके रोपाच्या वाढीचे नियमन करतात, कॅम्पेस्टेरॉल या वनस्पतिज स्टेरॉलपासून निपजतात, आणि ते स्टेरॉल ज्या जालिकेवर बनते तिच्यावरच बीजातील तेलाचीही अंतिम जुळणी होते.