कोर्लईचा डोंगर

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी दक्षिणेकडून समुद्रात घुसलेला डोंगर. उंची सुमारे १०० मीटर. तीन बाजूंना पाणी, पायथ्याला कोर्लई गाव आणि समोरच्या तीरावर रेवदंड्याचा कोट, म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. पोर्तुगीज कागदपत्रांत या डोंगराला ‘मोरो’ म्हटले आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि पोर्तुगीज सत्ता यांची हद्द इथे भिडत होती. दोन देशांच्या सीमेवरचे शिखर म्हटले की भारत आणि नेपाळ यांच्यामधले ८,५८६ मीटरचे कांचनजंगा आठवते, आणि त्याच्या पंगतीत या टेकाडाला बसवणे कुणाला थट्टा वाटेल. परंतु कांचनजंगाच्या माथ्यावर वस्ती करण्याची कुणाला गरज नसते, म्हणून तिथली सीमा निसर्गच राखतो. कोर्लईचा माथा मात्र दोघांनाही हवा होता, आणि तो दोघांपैकी कुणाच्याच ताब्यात नव्हता तोवरच त्याने सीमेचे काम केले.

या माथ्याचे मोल त्याच्या खालून जाणाऱ्या पाण्यात आहे. चौलला ये-जा करणारे प्रत्येक गलबत याच मुखातून जाई. माथ्यावर तोफा चढल्या की खाडीचे दार ज्याच्या तोफा त्याच्या हाती, आणि पलीकडचा कोटही माऱ्यात. बुऱ्हाण निजामशाहाने १५१६ मध्ये पोर्तुगीजांना चौलला वखार घालू दिली व पुढे कोटही उभा राहिला, तेव्हा हा डोंगर मोकळाच होता. गव्हर्नर फ्रांसिश्कु बारेतो (कारकीर्द १५५५–५८) याने तो बांधून काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा हुसेन निजामशाहाने नकार दिला, मागणी घेऊन आलेल्या वकिलाला अडकवून ठेवले आणि स्वतःच बांधकामाला हात घातला. पोर्तुगीज आरमार ते थोपवायला आले. अखेर ठरले ते असे की, डोंगरावर कुणीच किल्ला बांधायचा नाही. दोन्ही बाजूंनी आपला हक्क सोडला नाही, फक्त त्याची अंमलबजावणी तहकूब ठेवली. आजच्या राजकारणात ज्याला निर्लष्करी पट्टा म्हणतात, त्याचा हा कोकणातला जुना नमुना मानायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पोर्तुगीज हे निजामशाहाच्या परवानगीने आलेले व्यापारी होते. कुळाची आणि मालकाची कसली सीमा? १५१६ पुरता हा आक्षेप खरा आहे. पण मालक ज्याला हुसकावू शकत नाही आणि शेवटी ज्याच्याशी तह करतो, ते कूळ राहत नाही. १५७०–७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने प्रचंड फौजेनिशी चौलला वेढा घातला, कित्येक महिने लढून त्याला कोट घेता आला नाही, आणि १५७१ मध्ये तह झाला. दुसरा आक्षेप याच वेढ्यातून निघतो. डोंगर रिकामा होता तरी युद्ध झालेच, मग रिकामेपणाने काय साधले? युद्ध टळले नाही, हे मान्य. मात्र हल्ला आला तो जमिनीकडून. खाडीच्या मुखावर निजामशाही किल्ला नसल्याने चौलला समुद्रातून कुमक व रसद मिळत राहिली आणि कोट तगला. मोकळ्या माथ्याने शांतता दिली नाही, पण दोघांपैकी एकाचा निकालही लागू दिला नाही.

या उत्तराची कसोटी १५९४ मध्ये लागली. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने जुना करार मोडून डोंगरावर मजबूत किल्ला उभारला, मोठी शिबंदी ठेवली आणि चौलवर तोफा डागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी सुमारे पंधराशे आपली आणि तितकीच स्थानिक माणसे घेऊन किल्ल्यावर हल्ला चढवला. दरवाज्यात हत्ती कोसळल्याने दार लावता आले नाही, असे पोर्तुगीज बखरकार रंगवून सांगतात. शिबंदीतले दहा-बारा हजार लोक मारले गेले हा आकडा एवढ्याशा डोंगराकडे पाहता जपूनच घ्यावा. निकालाबद्दल मात्र वाद नाही. विजयानंतर पोर्तुगीजांनी काय राखले ते बोलके आहे. बाहेरची तटबंदी सांभाळण्याइतकी माणसे नव्हती म्हणून त्यांनी ती पाडली. ठेवला तो माथ्यावरचा बुरूज आणि खाडीवर मारा करणाऱ्या तोफांच्या जागा. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे कोर्लई हे पोर्तुगीज ठाणे होते. या काळातही तो सीमेवरचाच किल्ला होता असे कुणी म्हणेल. तसे पाहिले तर होता; पण सीमा आता माथ्यावरून उतरून मागच्या, जमिनीकडच्या पायथ्याशी गेली होती. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलवर मोहीम केली तेव्हाही खाडीची दोन्ही टोके एकाच सत्तेकडे होती.

मे १७३९ मध्ये वसई पडली. मराठी फौजा कोर्लईलाही भिडल्या आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. पलीकडचा तीरही आपलाच झाल्यावर या माथ्यावरून कुणाला धाक घालायचा उरला नाही, आणि किल्ल्याचे महत्त्व ओसरले. मागे राहिले ते पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती आणि त्यांची पोर्तुगीज शब्दांची, मराठी वळणाची बोली. ती आजही घरांत बोलली जाते. डोंगराने जगापासून तोडल्यामुळे ती टिकली असे सांगितले जाते, पण रेवदंडा तर खाडीपलीकडे, होडीच्या अंतरावर. बोली टिकली ती धर्म वेगळा असल्याने आणि सोयरिकी बहुतेक गावातच होत राहिल्याने. १७४० नंतर लिस्बनच्या पोर्तुगीजशी संबंध बहुतांशी तुटला, त्यामुळे तिला प्रमाण रूपाकडे ओढणारेही फारसे कुणी उरले नाही.