मोटारीच्या पाण्याची पातळी

एंजिनांत जळणाऱ्या इंधनाची सगळी उष्णता चाकांच्या कामीं येत नाहीं. तिचा एक मोठा वांटा धुराबरोबर बाहेर जातो आणि दुसरा सिलिंडरांच्या भिंतींत शिरतो. हा दुसरा वांटा वेळींच काढून घेतला नाहीं, तर तेल करपतें, दट्ट्या फुगून जागच्या जागीं अडकतो व ओतीव लोखंडास चीर पडते. मोटारीच्या आरंभकाळांत ही उष्णता वाहून नेण्याचें काम बहुधा पाण्याकडे होतें आणि त्या पाण्यावर नजर ठेवण्याचें काम माणसाकडे. झांकण काढून रेडिएटरांत डोकावणें ही क्रिया इतकी किरकोळ दिसते कीं, तिलाहि इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तेव्हां आजच्या अर्थानें रेडिएटर नव्हताच. सिलिंडराभोंवतीं पाणी असे, तें चुलीवरील आधणाप्रमाणें उकळे, आणि वाफ हवेंत निघून जाई. ही रीत ओबडधोबड खरी, पण अडाणीपणाची नव्हे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास जी उष्णता लागते, तिच्या साडेसातपटीहून अधिक उष्णता तेंच पाणी वाफ होतांना घेऊन जातें. मात्र वाफेबरोबर पाणीहि जातें. ऑगस्ट १८८८ मध्यें बेर्था बेंझ या आपल्या दोन मुलांसह, पतीस न कळवितां, मानहाइमहून फोर्झहाइमला बेंझच्या मोटारींतून गेल्या. वाटेंत वीसलोख येथील औषधालयांतून त्यांनीं इंधन घेतलें ही कथा सर्वतोमुखी झाली आहे; परंतु शंभरांवर किलोमीटरांच्या त्या प्रवासांत पाण्यासाठीं त्यांना वारंवार थांबावें लागलें, याची आठवण फारसे कोणी काढीत नाहीं.

पाणी न दवडतां तेंच पुनःपुन्हां थंड करण्याची युक्ति विल्हेल्म मायबाख यांनीं पूर्णत्वास नेली. त्यांनीं रचलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीला १९०० सालीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविण्यांत आला. सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्या फटींतून पाणी. एवढ्या शक्तीच्या एंजिनाला नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. मोटारीला जो दर्शनी चेहरा मिळाला, तोहि येथूनच.

परंतु पातळीचा प्रश्न खरा उभा राहिला तो स्वस्त मोटारींत. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं निघाली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या. पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांत पाणी खेळविणारा पंप होता; पुढें तो काढून टाकला गेला व त्याच्या जागीं कांहींच आलें नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवालेलें पाणी जड होऊन खालीं उतरतें, एवढ्या निसर्गनियमावर सारा भार टाकण्यांत आला. हीच थर्मोसायफन पद्धति. पंप नाहीं, म्हणून पंपाचा बिघाडहि नाहीं. शेतकऱ्याच्या हातीं जाणाऱ्या गाडीस ही काटकसर शोभण्यासारखीच होती.

तथापि या पद्धतीची एक अट आहे. एंजिनांतील गरम पाणी ज्या वरच्या नळीवाटे रेडिएटरांत येतें, तिचें तोंड पाण्याखालीं बुडालेलें असलें पाहिजे. पातळी त्याखालीं उतरली कीं प्रवाहाची सांखळीच तुटते. सुमारें अकरा लिटर पाण्यांतून एखाददुसरा लिटर कमी झाला, तर थंडावा त्याच प्रमाणांत कमी होईल असें वाटतें; पण पातळी नळीच्या तोंडाखालीं गेली असेल तर तो जवळजवळ सगळाच नाहींसा होतो. रेडिएटराच्या खालच्या भागाला हात लावावा तर तो थंड लागतो आणि सिलिंडरांभोंवतीं मात्र पाणी उकळत असतें. फोर्डनेंच १९२७ च्या अखेरीस आणलेल्या ‘मॉडेल ए’ गाडींत पंप परत आला, यांत आश्चर्य नाहीं.

मध्यंतरीं हॅरिसन बॉइस यांनीं १९१२ सालीं पेटंट घेतलेला ‘मोटोमीटर’ रेडिएटराच्या झांकणावर दिमाखानें मिरवूं लागला. हा वस्तुतः एक तापमापक; हांकणाऱ्यास तो बसल्या जागेवरून दिसे. पण तो पाण्याचें नव्हे, पाण्यावरील वाफेचें उष्णमान दाखवी. पाणी फार खालीं गेल्यावर त्याच्या साक्षीचा भरंवसा राहत नसे.

आज या गाड्या हौशी संग्राहकांनीं जतन केलेल्या आहेत, आणि अनेकांच्या एंजिनाचा ठोकळा तडकला तर दुसरा मिळणें दुरापास्त आहे. नव्या मोटारींत दाबाचें झांकण व जादा पाण्याची वेगळी टाकी असते. त्या संवयीनें जुनी गाडी हाताळली कीं घोटाळा होतो. पाणी उकळीपर्यंत तापतांना सुमारें चार टक्के फुगतें, म्हणजे अकरा लिटरांमागें जवळजवळ अर्धा लिटर. रेडिएटर कांठोकांठ भरला तर तेवढें पाणी ओसंडनळीवाटे रस्त्यावर सांडतें. नवशिका त्यास गळती समजतो, पुन्हां भरतो, आणि पुन्हां सांडलेलें पाहतो. वास्तविक एंजिन थंड असतांना नळीचें तोंड बुडून वर बोटभर पाणी असलें आणि त्यावर थोडी जागा मोकळी राहिली, म्हणजे झालें. घाटांत अधिक सावध राहावें लागतें. दाबाचें झांकण नसल्यामुळें लोणावळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें, आणि बोरघाटाची चढण तर त्याच्या आधींच येते.

पाणी शक्य तों पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित घ्यावें. विहिरीच्या जड पाण्यानें बंबाच्या आंत जशी पांढरी खपली धरते, तशीच ती रेडिएटराच्या बारीक नळ्यांतहि धरते, आणि तेथें हात घालून ती खरवडतां येत नाहीं. वाटेंत उकळी फुटलीच तर एंजिन बंद करून थांबावें. झांकणास हात लावूं नये. तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतून कित्येक चांगले ठोकळे फुटले आहेत. अर्ध्यापाऊण तासानें, धातु हाताला सोसवेल इतका निवाल्यावर, झांकणावर जाड फडकें धरून तें हळूहळू फिरवावें आणि कोमट पाणी थोडें थोडें सोडावें.