जीपच्या पोटातली झडप

मंडळी, ज्यांनी पंपाचा पितळी स्टोव्ह पेटवला आहे, त्यांना आजची गोष्ट निम्मी ठाऊकच आहे. बर्नर तापण्याआधी पंप मारला, की पिवळा भडका उठतो आणि भांड्याला काजळी धरते. म्हणून आधी काकड्याने बर्नर तापवायचा; रॉकेलची वाफ झाली की निळी ज्योत. पेट्रोलचेही तेच. ते पातळ असताना नीट जळत नाही, त्याची वाफच व्हावी लागते.

अगदी पहिल्या मोटारींना ही अडचण फारशी नव्हती. तेव्हाचे पेट्रोल हलके, चटकन उडून जाणारे. पुढे अमेरिकेत मोटारी इतक्या वाढल्या, की ते पुरेना. १९१३ साली विल्यम बर्टन यांच्या पद्धतीने जड तेल तापवून, फोडून त्याचेही पेट्रोल होऊ लागले. शिवाय पेट्रोलमध्ये जड अंशही अधिक येऊ लागला, आणि थंडीत गाड्या कुरकुरू लागल्या. इंजिनिअरांना काकडा सापडला तो इंजिनातच! बाहेर वाया जाणारा तप्त धूर त्यांनी कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीला शेक द्यायला लावला. हाच हीट रायझर.

१९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या बनल्या. त्यांच्या धुराच्या मॅनिफोल्डमध्ये अशी झडप होती. बाहेर दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग आणि एक लहानसे वजन. इंजिन गार असताना झडप धूर वर वळवते. तापल्यावर स्प्रिंग सैलावते आणि धूर सरळ सायलेन्सरकडे जातो. महायुद्धानंतर जीप आपल्याकडेही रुजली. महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली.

आता दुखणे. काजळी-गंजाने झडपेचा दांडा धरतो. शेक चालू असतानाच अडकला, तर तापलेल्या गाडीत पेट्रोल उकळते आणि ऐन घाटात दम जातो. उलट, शेक बंद असताना अडकला, तर सकाळी गाडी अडखळते, चोक ओढून धरावा लागतो आणि कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते. दोन्ही वेळा दोष येतो बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर! एका जुन्या जीपचा कार्ब्युरेटर तीनदा खोललेला मी पाहिला आहे. झडपेला कुणी बोटही लावले नव्हते.

इंजिन पुरते गार असताना ते वजन बोटाने हलवून पाहावे. सहज फिरून परत आले, तर ठीक. नाही तर गंज सोडवणारे तेल दांड्याला द्यावे, थोडे मुरू द्यावे, आणि छोट्या हातोडीने दांडा दोन्ही टोकांकडून हलके ठोकावा. सुटल्यावर ग्रॅफाइटची पूड घालावी. इंजिनचे साधे तेल मात्र नको. ते जळून त्याचीच काजळी होते. स्प्रिंग ढिली पडली असेल, तर झडप खडखडते. तेव्हा स्प्रिंगच बदलावी.

काही मिस्त्री झडप तारेने कायमची उघडी बांधतात. सोलापूरच्या उन्हात ते खपून जाते. महाबळेश्वरच्या थंडीत मात्र सकाळी इंजिन बराच वेळ तापवत बसावे लागते.