‘म्हणे’, ‘असें’ आणि ‘कीं’

पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांत, पुंडलिकाच्या देवळाजवळ, कीर्तन ऐकावयास जो उभा राहिला असेल त्यास आमचें म्हणणें लवकर पटेल. कीर्तनकार घटकेंत विठ्ठल होतो, घटकेंत पुंडलीक होतो, आणि दोघांच्याही तोंडीं ‘मी’ घालतो. तरी खेड्यांतून आलेली म्हातारीसुद्धां हा ‘मी’ कोणाचा याविषयीं घोटाळ्यांत पडत नाहीं. “मी आईबापांची सेवा करीत आहें, तोंवर तूं या विटेवर उभा राहा,” असें पुंडलीक देवास म्हणाला. येथवर सर्व स्वच्छ आहे. आतां हेंच वाक्य शाळेंतील ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’च्या चरकांतून काढूं : पुंडलीक देवास म्हणाला कीं, तो त्याच्या आईबापांची सेवा करीत होता आणि त्यानें तोंवर त्या विटेवर उभें राहावें. आम्ही हें फळ्यावर लिहिलें तेव्हां एका विद्यार्थ्यानें भाबडेपणानें विचारलें, “देवाचे आईबाप कोण?” वर्गांत हंशा पिकला. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

दुसऱ्याचे शब्द जसे निघाले तसे ठेवावयाचे व त्यांच्या शेवटीं एक खूण लावावयाची, ही आपल्याकडील जुनी रीत. संस्कृतांत ती खूण ‘इति’. मराठींत तें काम ‘असें’ आणि ‘म्हणून’ करतात. कानडींत ‘एंदु’ आहे, आणि त्याचा अर्थही शब्दशः ‘म्हणून’ असाच. मराठी-कानडीच्या शिवेजवळच्या या क्षेत्रीं दोन्ही भाषांचे यात्रेकरू शतकानुशतकें एकत्र आले. देवाचें बोलणें सांगण्याची दोघांची तऱ्हा एकच होती, हें आम्हांस मोठें मौजेचें वाटतें.

ही रीत केवळ सोयीची नव्हती, तिच्यांत एक जबाबदारी होती. सुमारें १२७८ सालीं म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. चक्रधरांच्या आठवणी त्यांनीं निरनिराळ्या शिष्यांना भेटून गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. स्वामींचें वचन आलें कीं तें स्वामींच्याच तोंडचें येतें. म्हाइंभट त्याचा ‘तो म्हणाला कीं तो’ असा भुगा करीत नाहींत. पुढें केशिराजबासांनीं सूत्रपाठ निवडला तो याच वचनांतून, आणि तो निवडतां आला तो वचनें अखंड राहिलीं होतीं म्हणूनच. त्या काळच्या पोथ्यांत अवतरणचिन्हें नव्हतीं. विरामचिन्हें मराठीच्या छापखान्यांत रूढ झालीं तीं एकोणिसाव्या शतकांत, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनें. तोंवर चिन्हांचें सारें ओझें ‘म्हणितलें’, ‘ऐसें’, ‘म्हणे’ हे शब्दच वाहत होते.

कांहीं शुद्धिवादी या बाबतींतला सर्व दोष ‘कीं’च्या माथीं मारतात. तो फारसींतून आला असें बहुतेक विद्वान् मानतात. आला असेल, पण फारसींतही त्याच्यापुढें मूळ वक्त्याचेच शब्द बेलाशक येतात. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत ‘कीं’ पानोपानीं आहे, तरी त्याच्यापुढें ‘मी’चा सहसा ‘तो’ होत नाहीं. शिवाय ज्ञानेश्वरीच्या मराठींत ‘जे’ हें अव्यय अशाच कामीं येतच होतें. तेव्हां बिचाऱ्या ‘कीं’ला आम्ही निर्दोष सोडतों.

पुरुष व काळ फिरविण्याची खोड लागली ती इंग्रजी शिक्षणानें. केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. दादोबा पांडुरंगांचें १८३६ सालीं निघालें, आणि त्याच्यापुढें नमुना इंग्रजीचा होता. तरीही दोष व्याकरणकारांचा म्हणवत नाहीं. खरा साचा भाषांतराच्या तासाला तयार झाला. तर्खडकरांच्या (दादोबांच्या नव्हे, दुसऱ्या तर्खडकरांच्या) भाषांतर-पाठमालेवर पिढ्याच्या पिढ्या वाढल्या, आम्हीही वाढलों. इंग्रजींतून मराठी व मराठींतून इंग्रजी करतां करतां एका भाषेचा नियम दुसरीच्या अंगवळणीं पडला.

इंग्रजीस तो नियम शोभतो. तिच्यांत राजाला, चाकराला आणि लेकराला एकच संबोधन. तें गाळल्यानें तिचें फारसें जात नाहीं. आमच्याकडे ‘तूं’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत मनुष्यामनुष्यांचें सारें नातें साठवलेलें असतें, आणि ‘तो त्यास म्हणाला’ असें करतांच तें नाहींसें होतें. पुंडलिकानें परब्रह्माला ‘तूं’ म्हटलें, ही त्या कथेंतली खरी गोष्ट. वीट हें निमित्त. महाद्वारापाशीं नामदेवाच्या पायरीसमोर चोखामेळ्याची समाधि आहे. ज्याला देवळांत पाऊल ठेवूं दिलें नाहीं, त्यानें देवाला एकवचनीं हाक मारली. ती हाक अप्रत्यक्ष करून पाहावी. एक महार देवास कांहीं म्हणाला, एवढीच बातमी उरते. जनाबाईची गोष्ट तर आणखी विलक्षण. ‘जनी म्हणे’ या मुद्रेनें ती स्वतःलाच तिसऱ्या पुरुषीं उभी करते, आणि तरी अभंगाच्या पोटांत ‘मी’ जागच्या जागीं असते. या प्रकाराला काय नांव द्यावें, तें आमच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं.

त्या विद्यार्थ्यास आम्ही वाक्य फिरून लिहावयास सांगितलें. त्यानें ‘कीं’ तसाच ठेवला. फक्त ‘मी’ आणि ‘तूं’ परत आणून बसविले, आणि ‘होता’ पुसून ‘आहें’ केलें.