छाया (मानसशास्त्र)

छाया : स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५–१९६१) यांच्या विश्लेषणात्मक मानसशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. स्वतःविषयीच्या प्रतिमेत न बसणारे, म्हणून जाणिवेबाहेर लोटलेले गुणदोष, इच्छा व भावना यांना युंग ‘छाया’ म्हणतात.

पार्श्वभूमी : झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात युंग १९०० मध्ये रुजू झाले. तेथील शब्दसाहचर्याच्या प्रयोगांत काही शब्द ऐकताच माणसे अडखळत. त्यामागे भावनांनी भारलेले अबोध गंड (विचार-आठवणींचे गुंते) असतात, असे त्यांनी दाखवले. १९१३ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्यापासून दुरावल्यावर ते स्वतःच्याच अबोध मनाचा शोध घेऊ लागले. छायेचे नेमके विवेचन त्यांच्या ‘आयॉन’ (१९५१) या ग्रंथात आढळते.

स्वरूप : कोणत्या वागण्याने कौतुक होते आणि कशाने बोलणी बसतात, हे मूल लवकर शिकते. शाबासकी मिळवणाऱ्या गुणांतून समाजासमोरचा मुखवटा घडतो. राग, मत्सर, हाव, लैंगिक ओढ मागे सारली जाते. मात्र छाया म्हणजे केवळ दुर्गुण नव्हेत. घरात धिटाईला उद्धटपणा ठरवले, तर ती धिटाईही छायेत जाते.

प्रक्षेपण : नाकारलेला दोष माणसाला दुसऱ्यात ठळक दिसतो. एखाद्याविषयी प्रमाणाबाहेर चीड येणे, ही त्याची नेहमीची खूण. समाजही आपली छाया परक्यांवर किंवा अल्पसंख्याकांवर लादतो. नाझी राजवटीत जर्मनी सोडून तेल अवीवला स्थायिक झालेले युंग यांचे ज्यू शिष्य एरिख नॉइमान यांनी १९४९ मधील आपल्या ग्रंथात बळीचा बकरा शोधण्याची वृत्ती याच प्रक्रियेशी जोडली आणि स्वतःच्या दुष्टपणाची जबाबदारी घेणाऱ्या नव्या नीतीचा आग्रह धरला.

स्वीकार : छाया स्वीकारणे म्हणजे तिला मोकाट सोडणे नव्हे. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८८६ मधील कादंबरिकेतील डॉ. जेकिल आपला दुष्ट अंश हाइडच्या रूपाने वेगळा काढतो व शेवटी त्याच्याच ताब्यात जातो. स्वीकारात याउलट दोष ‘माझा’ म्हणून ओळखला जातो आणि कृतीवर विवेकाचा अंकुश राहतो. स्वप्नांतील अप्रिय व्यक्ती, वारंवार उफाळणारी चीड आणि जवळच्यांचे खरे बोल यांतून छायेचा माग लागतो. संताप ओळखणारा माणूस त्याचे रूपांतर स्पष्ट नकारात करू शकतो. न ओळखणारा तो घरच्यांवर काढतो. जुने आघात उफाळून येत असतील, तर हे काम तज्ज्ञाच्या सोबतीनेच करावे.

मूल्यमापन : ही संकल्पना प्रयोगाने पडताळणे अवघड असल्याने प्रायोगिक मानसशास्त्रात तिला मर्यादित स्थान आहे. तरीही मनोविश्लेषण व साहित्यसमीक्षा यांत तिचा प्रभाव टिकून आहे. दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहण्याची नैतिक सवय लावणे, हे तिचे सर्वांत मोलाचे योगदान होय.