तुपाचा थेंब आणि खाली पडलेला चिमटा



मागच्या चातुर्मासात सासूबाईंच्या डाव्या पोटरीत रक्ताची गाठ झाली. पाय सुजून खांबासारखा झाला होता. नेरुळहून रिक्षाने वाशीला एका रुग्णालयात नेलं, तिथे ताबडतोब भरती करून घेतलं. गाठ फुप्फुसात गेली तर जीवावर बेतेल, म्हणून रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू करायचं ठरलं. सिस्टर सुई घेऊन आली, तेव्हा सासूबाईंनी हात मागे घेतला आणि विचारलं, "बाळ, हे कशापासून काढलंय?"

सिस्टर म्हणाली, "औषध आहे आजी." तरुण डॉक्टर आले, ते म्हणाले, "केमिकल आहे." मी खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी काढली आणि बाहेर उजेडात जाऊन वाचली. हेपरिन. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून.

ज्यांनी आयुष्यभर सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेतला नाही, कांदा-लसूण घरात येऊ दिला नाही, त्यांना हे सांगायचं की गप्प बसायचं? मी पाचेक मिनिटं तिथेच उभी राहिले. मग आत जाऊन सांगितलं. पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण त्या रात्री त्यांच्या उशाशी बसून मी जे वाचायला सुरुवात केली आणि नंतर दोन महिने वाचत राहिले, ते आधी सांगायला हवं.

माझं माहेर बेळगावचं. टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' नावाची मोठी झाडीची जागा आहे. आम्ही तिथे हुंदडायला जायचो, नावाचा अर्थ कधी विचारला नाही. तिथे देवीची लस बनायची. दंडावर टोचल्याचा गोल व्रण आहे ना, माझ्या वयाच्या सगळ्यांच्या? ती लस वासरांच्या नाहीतर रेडकांच्या कातडीवर वाढवलेली असे. पोटावरचे केस काढून, कातडी ओरखडून त्यात लस भरायची, काही दिवसांनी फोड आले की खरवडून घ्यायचे आणि ग्लिसरीनमध्ये ठेवायचे. ग्लिसरीन नुसतं पातळ करायला नव्हतं, त्यात इतर जंतू हळूहळू मरतात हे कळलं होतं.

त्याआधी लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली, आणि तिच्या फोडातून पुढच्या मुलांना दिली गेली. या पद्धतीत एका शरीरातला दुसरा रोगही सुईबरोबर पुढे जाई, उपदंशासारखा. म्हणजे माणसाकडून वासराकडे गेलो ते सुरक्षिततेसाठी. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. आपण उलट समजतो, की जनावर आलं म्हणजे धोका आला.

पण खरी गोष्ट आहे ती प्लेगची.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, उंदीर आणि आपल्या व्यापारी लोकांची दाट वस्ती. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ, त्याआधी कॉलऱ्याची लस घेऊन भारतभर फिरलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांत लस तयार. १० जानेवारी १८९७ ला ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, मग महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिली.

ही लस कशी बनत असे ते वाचताना मी स्वयंपाकघरात होते, आणि हातातला डाव तसाच राहिला. काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा घ्यायचा, त्यात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. हो, आपलं साजूक तूप. नाहीतर खोबरेल. जंतू त्या थेंबाला धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे झुंबर लोंबतात तसे. चंबू हलवला की ती झुंबरं तुटून तळाशी जातात, आणि थेंबाखाली नवी वाढू लागतात. असं काही आठवडे. मग सगळं सुमारे ६५ अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं.

रस्सा कशाचा? मोठ्या प्रमाणावर लस बनू लागली तेव्हा बकऱ्याच्या मांसाचा. गाय नको हिंदूंसाठी, डुक्कर नको मुसलमानांसाठी. हाफकिन स्वतः खाण्यापिण्याचे निर्बंध असलेल्या समाजातले. पुढे १९१६ मध्ये त्यांनी आपल्या धर्माच्या जुन्या आचारांची बाजू घेणारा मोठा लेखही लिहिला. म्हणजे लोकांचा प्रश्न त्यांना हास्यास्पद वाटला नसावा, असं मला वाटतं. पण बकरा म्हटल्यावर हिंदू-मुसलमान सुटले, आपण कुठे सुटलो? आपल्याला बकरा, गाय आणि डुक्कर यांत फरक नाही. तिघेही पंचेंद्रिय.

आगाखानांनी मात्र लोकांदेखत लस टोचून घेतली आणि माझगावची आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेला दिली. १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट.

आता मुलकोवाल. हे गाव पंजाबात, आज पाकिस्तानात आहे. पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम निघाली होती, लाखो मात्रा हव्या होत्या. परळला काम उरकण्यासाठी कृती थोडी बदलली गेली होती: कार्बोलिक ॲसिड गाळून निर्जंतुक करण्यासाठी उष्णतेवर भर. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवालात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या ज्या १९ जणांना ५३ एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती, त्यांना आठवड्याभरात धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस दगावले.

चौकशी समितीने ठरवलं, बाटली परळहूनच दूषित आली. कार्बोलिक का गाळलं? हाफकिन यांना पदावरून दूर केलं, जवळजवळ देशोधडीला लावलं. पण साक्षीत एक बारीक गोष्ट होती. त्या दिवशी मुलकोवालात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट उकळून न घेता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी वास घेतला होता, आणि वाईट वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू त्या रस्स्यात कित्येक दिवस वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. हे सगळं लोकांपुढे यायला वर्षं गेली. शेवटी जुलै १९०७ मध्ये मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा हाफकिन यांच्यावरचा ठपका निघाला. ते भारतात परत आले, पण कलकत्त्याला. परळला नाही.

मी हा भाग सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माणसं बकऱ्याने मेली नाहीत. चिमट्याने मेली."

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे ना, तिथे प्राण घेण्याच्या आधी 'प्रमत्त' हा शब्द येतो. प्रमाद, बेसावधपणा. आपण शास्त्रसभेत तो ऐकतो आणि पुढे जातो. आपल्या आज्या पाणी दुहेरी फडक्यातून गाळत आणि फडक्यावरचे जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडत. तो यत्नाचार. मला वाटतं, मुलकोवालात गेला तो यत्नाचार. मुंबईत लोक रस्सा कशाचा हे विचारत होते, आणि ते विचारणं बरोबरच होतं, पण चिमट्याचं कोणी विचारलं नव्हतं.

असं एकदाच झालं नाही. मुलकोवालच्या वर्षभर आधी, १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस शहरात घटसर्पाचं औषध 'जिम' नावाच्या घोड्याच्या रक्तापासून बनायचं. त्या घोड्याला धनुर्वात झाला, पण आधी काढून ठेवलेलं रक्त फेकलं गेलं नाही. तेरा मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथे अशा औषधांवर देखरेखीचा कायदा आला. २००८ मध्ये तर हेपरिनच, तेच सासूबाईंचं औषध. चीनहून आलेल्या कच्च्या मालात कुणीतरी हेपरिनसारखा दिसणारा स्वस्त पदार्थ मिसळला होता, आणि नेहमीच्या तपासणीत तो पकडलाही जात नव्हता. अमेरिकेत माणसं दगावली. आता त्यासाठी वेगळी तपासणी करतात.

हेपरिनची जन्मकथाही मजेशीर आहे. १९१६ मध्ये बाल्टिमोरला एक वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता, आणि कुत्र्याच्या यकृतातून त्याला नेमका उलटा पदार्थ मिळाला. यकृताला ग्रीक भाषेत हेपार म्हणतात, म्हणून हेपरिन. पुढे ते गुरांच्या फुप्फुसातून काढत. मग गाईंना वेड लावणारा तो मेंदूचा रोग आला, आणि अमेरिकेत गुरांचं हेपरिन मागे पडून डुकराचंच राहिलं. इन्सुलिनचं सुदैवाने वेगळं झालं. १९२२ मध्ये ते गुरांच्या स्वादुपिंडातून निघालं. टोरांटोच्या पहिल्या मुलाला दिलेला अर्क इतका अशुद्ध होता की सुई टोचलेल्या जागी गळू झालं, बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क लागू पडला. साठ वर्षं तसंच चाललं, आणि १९८२ पासून जंतूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता येऊ लागलं. आपल्यात मधुमेही कमी नाहीत. आज इन्सुलिन घेताना गाय की डुक्कर हा प्रश्न पडत नाही, आणि आपल्या आईवडिलांना पडत होता हे आपण विसरूनही गेलो.

सर्पदंशाला मात्र अजून घोड्यावाचून गत्यंतर नाही. पनवेल, उरण, कर्जतकडे शेतात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही. घोड्याला विष थोडंथोडं टोचतात, त्याचं रक्त काढतात, त्यातलं प्रतिविष वेगळं करतात. हाफकिनचे घोडे पिंपरीला आहेत. घोडा मारत नाहीत, पण त्याला वेदना होतातच, तेव्हा 'अहिंसक औषध' असं कुणी सांगितलं तर मी मान हलवणार नाही. शिवाय ते प्रतिविष माणसाला सोसावं म्हणून पेप्सिन वापरून त्यातला नको तो भाग तोडतात, आणि पेप्सिन येतं डुकराच्या पोटातून! तरीही परक्या प्राण्याचं प्रथिन म्हणून कुणाला अंगावर पित्त उठतं, कुणाचा रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून ते रुग्णालयातच, ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवून द्यायचं असतं. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, आणि 'घोड्याचं आहे' म्हणून अडूही नका.

तर सासूबाई. मी सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. या वेळी मोठे डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. ते म्हणाले, आजी, कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं, प्राण्याचा संबंध नसलेलं एक औषध आहे, फोंडापॅरिनक्स. तुमचं मूत्रपिंड चांगलं असतं तर मी तेच दिलं असतं. पण ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तुमच्या अंगात साठेल आणि रक्तस्राव होईल. विचारलंत ते बरं केलंत, असंही म्हणाले. पहिल्या दोघांनी 'औषध आहे', 'केमिकल आहे' म्हणून टोलवलं होतं, त्यापेक्षा हे 'नाही देता येत' ऐकायला मला कितीतरी बरं वाटलं. तुमच्याही घरी असं झालं तर मनाने औषध बंद करू नका, पण दुसरं आहे का हे जरूर विचारा. पुष्कळदा असतं.

सासूबाईंनी डोळे मिटून णमोकार म्हटला आणि हात पुढे केला. सिस्टरला म्हणाल्या, "हात धुतलेस ना गं?" ती हसली, पण जाऊन धुऊन आली.

सात दिवस ते औषध चाललं, मग गोळ्या. घरी आल्यावर त्यांनी मंदिरात जाऊन महाराजांना सगळं सांगितलं आणि स्वतःहून रसत्याग घेतला: जितके दिवस ते औषध, तितके महिने तूप नाही. महाराज म्हणाले, वय पाहता एक महिना पुरे. त्या ऐकेनात. मी तुपाच्या थेंबाची गोष्ट वाचून दाखवली ती त्याच्या नंतर, त्यामुळे तिचा याच्याशी काही संबंध नाही.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली, गाठ विरघळली होती. तूप सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. त्या वरणभातावर लिंबू पिळून घेतात.